साडेतीन, अडीच, बावीस

एका लिटर पाण्याला ३.५ ग्रॅम मीठ, २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा आणि २२ ग्रॅम ग्लुकोज. तिचं सगळं अंग एवढंच. सोनाराच्या काट्यावर ठेवली तर अडीच तोळेसुद्धा भरणार नाही. पाण्यात पडली की दिसेनाशी होते. पाण्याला रंग येत नाही, वास येत नाही. जिभेला थोडं खारट, थोडं गोड लागतं. १९७१ च्या जून महिन्यात ती पश्चिम बंगालमधल्या बनगाँव या सीमेवरच्या गावी पोचली, तेव्हा तिच्या अंगावर कुठल्या कंपनीचं नाव नव्हतं, चित्र नव्हतं. प्लॅस्टिकची साधी पिशवी, तोंडाशी गरम इस्त्री फिरवून चिकटवलेली. आज आपल्याकडे आशाताईंच्या पिशवीतून जी छापील पुडी निघते, औषधाच्या दुकानात जिला नुसतं ‘ओआरएस’ म्हणून मागतात, आरोग्य खात्याच्या फलकांवर जिला ‘जलसंजीवनी’ म्हणतात, ती हिची नात. नातीला नाव आहे, रंगीत कपडे आहेत. मला आजीबद्दल लिहायचं आहे.

पुडी म्हटलं की माझ्या पिढीला आधी आठवते ती अंगाऱ्याची. घरात कोणी तापाने फणफणलं की आई देवळातून कागदात बांधून आणायची, कपाळाला बोट लावायची, उरलेली उशाखाली ठेवायची. ती पुडी नुसती घरात असली तरी आईला धीर यायचा. बनगाँवच्या पुडीचा स्वभाव वेगळा. तिला उशाखाली ठेवून भागत नाही. ती पाण्यात पडली पाहिजे, ते पाणी भांड्यात आलं पाहिजे, ते भांडं कोणीतरी आजारी माणसाच्या ओठाशी धरलं पाहिजे. त्याने ओकून टाकलं तर जरा थांबून पुन्हा धरलं पाहिजे. आणि असं रात्रभर.

पटकी झालेल्या माणसाची ती रात्र कशी असते, ते आपण आता विसरलो आहोत. विसरता आलं हेही तिचेच उपकार. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब सुरू होतात. जोराची पटकी असेल तर मोठ्या माणसाच्या अंगातून तासाला लिटरभर पाणी जाऊ शकतं. डोळे खोल जातात, आवाज बसतो, बोटांची टोकं दिवसभर धुणं धुतल्यासारखी सुरकुततात, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहते. मग नाडी लागेनाशी होते. यातली सगळ्यात क्रूर गोष्ट अशी की बहुतेकदा माणूस शुद्धीवर असतो. तो पाणी मागत असतो. आणि भोवतीची सगळी मायेची माणसं त्याला सांगत असतात की पाणी नको पिऊस, पिशील तर आणखी होईल. आपल्या घरांतही हेच सांगत. पोटाला आराम द्या, काही घालू नका. पाणी मागत मागत माणसं कोरडी पडून गेली, ती अशा प्रेमळ सल्ल्यापायी.

सल्ला अगदी निराधार होता असं नाही. नुसतं पाणी पाजलं तर ते खरोखरच टिकत नाही. पटकीच्या जंतूचं विष आतड्याच्या पेशींना फितवतं आणि त्या आतलं मीठ-पाणी बाहेर ओतायला लागतात. पण त्या विषाचा एका दारावर ताबा चालत नाही. ग्लुकोजचा कण सोडियमचा हात धरून आला की आतडं त्या दोघांना आत घेतं, आणि त्यांच्या मागोमाग पाणी आत जातं. रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने १९६० मध्ये ही जोडी मांडली. पुडीतली साखर चवीसाठी नाही, शक्तीसाठीही नाही. ती मिठाची सोबतीण आहे. एकट्याला दार उघडत नाही, दोघांना उघडतं.

ती जुलाब मात्र थांबवत नाही. हे तिच्याबद्दल आधीच सांगितलं पाहिजे, कारण तिच्यावरचा सगळा अविश्वास इथूनच सुरू होतो. गळक्या रांजणाचं भोक ती बुजवत नाही. पैठणला नाथांच्या वाड्यात श्रीखंड्याने कावडीमागून कावड भरावी तशी ती नुसतं पाणी भरत राहते; जेवढं गेलं तेवढं परत, पुन्हा गेलं तर पुन्हा परत. दोन-चार दिवसांत शरीर स्वतःच जंतूला बाहेर काढतं. तोवर माणूस जिवंत ठेवायचा, एवढंच काम तिनं अंगावर घेतलेलं आहे. बघणाऱ्याला मात्र दिसतं ते असं की पाणी पाजतोय आणि जुलाब चालूच आहेत. अशा वेळी विश्वास ठेवणं फार अवघड असतं.

तिचं माहेर कलकत्ता की ढाका, याचा निवाडा करता येणार नाही. कलकत्त्याच्या हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी १९५३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं होतं की पटकीच्या १८६ रुग्णांना त्यांनी मीठ आणि ग्लुकोजचं पाणी तोंडाने देऊन बरं केलं. जगाने ते वाचलं आणि पान उलटलं. किती गेलं, किती आत राहिलं याची मोजदाद त्या लेखात नव्हती, म्हणून शास्त्राने त्याला आपलं म्हटलं नाही. कलकत्त्याच्याच शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये दाखवलं की जंतू गाळून काढला तरी त्याचं विष एकटंच आतड्यातून पाणी काढतं. आणि ढाक्यात, पाकिस्तान-सिएटो कॉलरा संशोधन प्रयोगशाळेत, डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश या दोन तरुण अमेरिकन डॉक्टरांनी १९६८ मध्ये २९ रुग्णांवर मोजूनमापून सिद्ध केलं की जेवढं गेलं तेवढंच हे पाणी पाजत राहिलं, तर शिरेतून द्यायच्या सलाइनची गरज ८० टक्क्यांनी कमी होते. सिएटो ही लष्करी आघाडी होती, शीतयुद्धातली. जन्मापासूनच हिच्या आसपास युद्ध आहे.

पण हे सगळं इस्पितळाच्या पांढऱ्या चादरीवर झालं. दर तासाला मोजायला परिचारिका, बाजूला तपासणीची सोय. घराच्या ओसरीवर किंवा छावणीच्या चिखलात, शिकलेल्या माणसावाचून हे पाणी कोणाच्या हातात द्यावं, असं म्हणायची हिंमत तोवर कोणी केली नव्हती. मिठाचं माप चुकलं तर लहान मूल दगावू शकतं. ती भीती खोटी नव्हती.

बनगाँव कलकत्त्यापासून सुमारे ७५ किलोमीटरवर. गावातून इछामती वाहते. ‘पथेर पांचाली’ लिहिणारे विभूतिभूषण बंद्योपाध्याय इथल्याच शाळेत शिकले. फाळणीने गावाला सीमेवर आणून उभं केलं आणि जेसोर रोड नावाचा जुना, मोठमोठ्या झाडांचा रस्ता मध्येच तुटून दोन देशांत वाटला गेला. २५ मार्च १९७१ च्या रात्री पाकिस्तानी सैन्याने ढाक्यात कत्तल सुरू केली, तशी माणसं या रस्त्याने यायला लागली. डोक्यावर बोचकं, काखेत मूल, पाठीवर म्हातारी आई. वर्ष संपेपर्यंत भारतात सुमारे १ कोटी माणसं आली. त्यांतली बहुतेक पश्चिम बंगालमध्ये. शाळांत, व्हरांड्यांत, झाडांखाली, कलकत्त्याच्या सॉल्ट लेकमध्ये तर गटाराच्या कामासाठी आणलेल्या सिमेंटच्या मोठ्या नळ्यांत माणसं राहिली. मग पाऊस सुरू झाला. विहीर, तळं, शौचाची जागा, सगळ्यांतून एकच पाणी वाहू लागलं. पटकी आधीच आलेली होती. आता ती पसरली.

आपल्याकडे गावात पटकी लागली की मरीआईचा गाडा काढत. लाकडाचा लहानसा गाडा, त्यात नैवेद्य. वाजतगाजत शिवेपाशी नेऊन सोडायचा. पुढच्या गावाने तो त्यांच्या शिवेपलीकडे ढकलायचा. हताश माणसांनी केलेला तो बंदोबस्त होता. रोग थांबवता येत नाही, निदान आपल्या शिवेबाहेर तरी काढू. बनगाँवात १९७१ साली उलट घडत होतं. शिवेपलीकडून माणसं येत होती, त्यांच्या पोटातून रोग येत होता, आणि गाव माणसांना आत घेत होतं. मला या गोष्टीचा अभिमान वाटतो आणि तो लपवावासा वाटत नाही. त्याचा थोडा भार महाराष्ट्रानेही उचलला. त्या वर्षी १५ नोव्हेंबरपासून पत्रांच्या पाकिटांवर पाच पैशांचं जादा तिकीट लागू झालं. सुरुवातीला कुटुंब नियोजनाच्या पाच पैशांच्या तिकिटावरच ‘शरणार्थी सहायता’ असा शिक्का मारलेला असे. आमच्या घरच्या जुन्या पत्रांच्या गठ्ठ्यात अशी दोन-तीन पाकिटं आहेत. आत लग्नाची बोलणी, पावसाची खबर; बाहेर ते छोटंसं तिकीट.

जूनच्या शेवटी डॉक्टर दिलीप महालनबीस बनगाँवच्या इस्पितळात आले. बालरोगतज्ज्ञ, वय ३६. कलकत्त्यातल्या जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधन केंद्रात काम करत, आणि तोंडाने द्यायच्या या पाण्यावर त्यांनी आधी तिथे प्रयोगही केलेले होते. जन्म किशोरगंजचा, म्हणजे जो लोंढा येत होता तो त्यांच्या जन्मभूमीकडूनच येत होता. इस्पितळाच्या दोन खोल्या पटकीच्या रुग्णांनी भरल्या होत्या. खाटा नाहीत, माणसं जमिनीवर. सलाइनची सुई शिरेत घालायची तर डॉक्टरला त्या ओकारीत आणि जुलाबात गुडघे टेकून बसावं लागे. त्यांच्या चमूत सुई नीट घालायला शिकलेले फक्त दोघे. सलाइनच्या बाटल्या तर संपतच होत्या. एकेका माणसाला अनेक लिटर लागतं. दाराबाहेर माणसांची रांग. ४८ तासांत त्यांच्या ध्यानात आलं की ही लढाई आपण हरतो आहोत.

इथे तिला बोलावणं गेलं.

कलकत्त्याच्या त्या केंद्राच्या ग्रंथालयात मीठ, सोडा, ग्लुकोज तोलायला बसले. ते दृश्य मी मनात अनेकदा उभं केलं आहे. वाचनाची टेबलं, भिंतीला पुस्तकं, आणि त्या टेबलांवर तराजू, पिशव्या, इस्त्री. पुस्तकांतलं ज्ञान पुस्तकांच्या समोरच पिशवीत भरलं जात होतं. तीनच पदार्थ का? कारण तेवढेच स्वस्त आणि हाताशी होते. पोटॅशियमही द्यायला हवं हे डॉक्टरांना माहीत होतं. पण माप सोपं राहायला हवं होतं, आणि जे मिळत नाही त्याची वाट बघत बसायला वेळ नव्हता. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या पुडीत पोटॅशियम आलं, सोड्याच्या जागी सायट्रेट आलं, २००२ नंतर मीठ आणि ग्लुकोज दोन्ही कमी झाली. आजीचं वाण नातीत उतरताना सुधारत गेलं. पण त्या जूनमध्ये ती होती तशी पुरेशी होती. एका लिटरला रुपयाही लागत नव्हता.

बनगाँवात मोठे ड्रम ठेवले, खाली तोटी बसवली. पिशवी फोडायची, स्वच्छ पाण्यात ओतायची, ढवळायची. आणि मग जे झालं ते माझ्या मते त्या सगळ्या युद्धातलं सर्वांत धाडसी काम. महालनबीसांनी ते पाणी रुग्णांच्या नातेवाइकांच्या हवाली केलं. आई, बाप, नवरा, थोरली बहीण. घरून पळताना जो पेला, मग किंवा वाटी हाती लागली असेल ती घेऊन यायचं, तोटी सोडायची, भरायचं, जाऊन पाजायचं, परत यायचं. ज्या माणसांना दोन महिने पळण्यावाचून काही करता आलं नव्हतं, घर वाचवता आलं नव्हतं, शेजारी वाचवता आले नव्हते, त्यांच्या हातात पहिल्यांदा काहीतरी करण्यासारखं आलं. पुडीने डॉक्टरांचं काम कमी केलं असं सगळे म्हणतात. मला वाटतं तिने त्या माणसांना त्यांचे हात परत दिले.

कर्मचाऱ्यांना पटायला वेळ लागला. सुई नाही, बाटली नाही, हे कसलं औषध? काही दिवस धाकधुकीचेच गेले. त्या पाण्याला ‘ओरल सलाइन’ म्हणायचं ठरलं. सलाइन हा शब्द सगळ्यांच्या ओळखीचा आणि विश्वासाचा होता, इथे ते फक्त तोंडाने द्यायचं. नावाचा हा आधार तिला पुरला. बांगलादेशात आजही तिला ‘खाबार सलाइन’ म्हणतात, खायचं सलाइन; बंगालीत पाणीसुद्धा खातातच.

नाडी लागत नाही अशा रुग्णाला आधी शिरेतूनच सलाइन द्यावं लागे; तिथे ती एकटी पुरत नाही आणि तिने तसं कधी म्हटलंही नाही. राखून ठेवलेल्या बाटल्या अशांच्या कामी आल्या. बाकीच्यांना ड्रम. ऑगस्टच्या अखेरीपर्यंत, दोन महिन्यांत, ३,००० हून अधिक रुग्ण तिथे येऊन गेले. मृत्यूचं प्रमाण ३.६ टक्क्यांवर आलं. एरवी त्या छावण्यांत शंभरातले पंचवीस-तीस जात होते. हे आकडे वाचताना मी दर वेळी मनातल्या मनात वजाबाकी करतो, आणि शंभरातले ते वीस-पंचवीस जण पेला खाली ठेवून उठून बसलेले दिसतात.

लशीवरही त्या काळी बरीच मदार होती. परळच्या ज्या संस्थेला हाफकिन यांचं नाव आहे, त्याच हाफकिन यांनी १८९४ मध्ये कलकत्त्याच्या वस्त्यांत पटकीची लस टोचली होती. पण टोचण्याची ती लस अर्धवट आणि थोड्याच महिन्यांपुरतं संरक्षण देई. प्रवाशांना त्या लशीच्या दाखल्याची सक्ती करायला १९७३ पासून जगाने सोडून दिलं. छावणीत खरा बंदोबस्त म्हणजे स्वच्छ पाणी, ब्लीचिंग पावडर, खणलेले संडास. पण लाखो माणसं रोज येत असताना संडास खणून होईपर्यंत माणूस थांबतो. पटकी थांबत नाही. त्या मधल्या दिवसांत पुडी उभी राहते. रोग पसरू नये म्हणून जी मोठी कामं करावी लागतात त्यांना ती वेळ मिळवून देते. त्यांची जागा घेत नाही.

धीमान बरुआ हे जागतिक आरोग्य संघटनेतले पटकीचे जाणकार. ते बनगाँवला येऊन स्वतः बघून गेले आणि त्यांना पटलं. पुढे या पुडीची बाजू जगापुढे ज्यांनी चिकाटीने मांडली, त्यांत त्यांचं नाव फार वर आहे. मीठ आणि ग्लुकोज कसं मिसळायचं, याचं पत्रक निघालं आणि सीमेवर वाटलं गेलं. आणि बांगलादेशच्या गुप्त रेडिओ केंद्रावरून ती कृती वाचून दाखवली गेली. रेडिओ ऐकणाऱ्याच्या घरात कदाचित डॉक्टर नसेल, दवाखाना जळाला असेल, रस्त्यावर सैन्य असेल. पण मीठ असेल. ज्या केंद्रावरून लढाईच्या बातम्या जात होत्या, त्याच लहरींवरून ही साधी पाककृती गेली.

‘जलसंजीवनी’ हे आपल्याकडचं नाव मला म्हणूनच आवडतं. संजीवनी विद्याही युद्धातलीच. देव-दानवांच्या लढाईत मेलेल्यांना उठवणारी. पण ती एकट्या शुक्राचार्यांपाशी होती, आणि ती मिळवायला कचाला तीन वेळा मरावं लागलं. १९७१ ची ही संजीवनी चोरपावलांनी चालणाऱ्या केंद्रावरून सगळ्यांना ऐकू येईल अशा आवाजात सांगितली गेली.

१६ डिसेंबरला युद्ध संपलं आणि नव्या वर्षात माणसं घरी निघाली. त्या परतीची एक वाईट हकिगत सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. सॉल्ट लेकच्या छावणीत पुरळ उठलेली माणसं होती. कांजिण्या आहेत असं समजलं गेलं. त्या होत्या देवी. अमेरिकेत दूरचित्रवाणीच्या बातम्यांत छावणीची दृश्यं बघताना एका साथरोगतज्ज्ञाच्या ते लक्षात आलं. तोवर हजारो माणसं निघून गेली होती. १९७० च्या ऑगस्टपासून त्या भूमीत देवीचा रुग्ण नोंदला गेला नव्हता. आता देवी परत गेली, आणि तिला पुरतं हटवायला १९७५ उजाडलं. एकाच युद्धात, काही कोसांच्या अंतरावर, एक रोग डोळ्यांसमोर असून ओळखला गेला नाही आणि दुसऱ्याशी एका माणसाने नेमका सामना केला. पुडीचं कौतुक करताना मला ते पुरळ विसरता येत नाही. युद्धात रोगाला आवरायचं तर आधी कोणीतरी वाकून, जवळ जाऊन बघावं लागतं.

१९७३ मध्ये महालनबीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा बनगाँवचा अहवाल जॉन्स हॉपकिन्सच्या नियतकालिकात आला. १९७८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अतिसाराविरुद्ध मोहीम उभी केली आणि पुडी जगभर निघाली. १६ ऑक्टोबर २०२२ ला महालनबीस गेले. त्यांना पद्मविभूषण मिळालं ते त्यानंतर, २०२३ मध्ये. उशीर झाला, असंच मला वाटतं.

जुलै १९९४. रवांडातून पळालेली लाखो माणसं चार-पाच दिवसांत झाईरमधल्या गोमा गावात उतरली. ज्वालामुखीचा कातळ, खड्डा खणता येत नाही, पाणी एका सरोवराचं. पहिल्या महिन्यात सुमारे ५०,००० माणसं गेली, बरीचशी पटकीने. या वेळी पुडी होती. विमानांतून मदत येत होती, जगभरच्या संस्था होत्या. मग माणसं का गेली? ढाक्याच्या त्याच जुन्या प्रयोगशाळेतून, जिला आता आंतरराष्ट्रीय अतिसार संशोधन केंद्र म्हणतात, एक पथक तिथे गेलं होतं. त्यांनी जे पाहिलं ते पुढे ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं: पाणी भरून काढण्यात दिरंगाई झाली, तोंडाने द्यायचं सलाइन पुरेसं वापरलंच गेलं नाही, शिरेतून चुकीचं द्रावण गेलं, काम करणाऱ्यांना पटकीचा अनुभव नव्हता. खोक्यांमध्ये ती होती. ओठांपर्यंत नेणारे हात कमी पडले. १९७१ साली जे लोक पेला हाती धरायला शिकले, त्यांच्या देशातली माणसं तेवीस वर्षांनी दुसऱ्या खंडात जाऊन हे सांगत होती, ही गोष्ट मला पुडीच्या सगळ्या चरित्रात फार मोलाची वाटते.

तसे हात तयार कसे होतात, ते बघायला सुल्ल्याला जावं लागतं. सिल्हेटकडचा हा सखल, पावसात बेट होणारा भाग. युद्धानंतर घरी परतलेल्या निर्वासितांना पुन्हा उभं करण्यासाठी फजले हसन आबेद यांनी १९७२ मध्ये इथे ‘ब्रॅक’ ही संस्था सुरू केली. काही वर्षांनी त्यांच्या ध्यानात आलं की कारखान्यातली पुडी इथल्या घराघरांत पोचायला फार वर्षं लागतील. मग त्यांनी तिच्या अंगावरची पिशवीही काढली. ग्लुकोजच्या जागी गूळ. ग्रॅमच्या जागी चिमूट आणि मूठ. तीन बोटांची चिमूटभर मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. ‘लोबोन-गुड’.

१९८० पासून बायकांच्या टोळ्या गावोगाव पायी फिरल्या. अंगणात बसायचं, बाईला दहा गोष्टी सांगायच्या, पुन्हा तिच्याकडून म्हणून घ्यायच्या. शिकवणाऱ्या बाईचा पगार तिने किती घरं केली यावर नव्हता; काही आठवड्यांनी दुसरं कोणी जाऊन त्या आईला विचारायचं, आणि तिच्या लक्षात किती राहिलं त्यावर हिचा पगार ठरायचा. सुरुवातीला घोळ झाला. आयांना सगळं पाठ होतं, पण मूल आजारी पडलं की करत मात्र कोणी नव्हत्या. शोध घेतल्यावर कळलं की शिकवणाऱ्या बायकांचाच त्यावर विश्वास नव्हता. स्वतःला जुलाब झाले तर त्या दुसरंच काही घेत. मग त्यांना पुन्हा बसवून, आतड्यातल्या त्या दारासकट सगळं नीट समजावून सांगितलं. घरातल्या पुरुषांनाही अंगणात बोलावलं. दहा वर्षांत १ कोटी २० लाखांहून अधिक घरं झाली.

अंगणातला तो धडा असा चाले. शिकवायला आलेली बाई आधी स्वतः करून दाखवी. मीठ चिमटीत धरताना बोटांच्या पहिल्या रेषेपर्यंत. मग भांडं रिकामं करून घरच्या बाईपुढे ठेवी. आता तू. ती मीठ घेई, थांबे, बोटांची रेष बघे, थोडं मीठ परत टाकी. गूळ मुठीत दाबून भांड्यात सोडी, ढवळी. बाळाला पाजण्याआधी एक घोट स्वतः घ्यायचा असे. डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागत नाही ना, ते पाहायला.